तात्यांच्या कानांविषयी

जिल्हा परिषदेत विषय समितीचा सभापती सदस्य निवडतात, हे कागदावर. नाव ठरतं ते आधी, पक्षाच्या साहेबांच्या खोलीत, एकेकाला आत बोलावून.

दुसऱ्या अडीच वर्षांसाठी कृषी आणि पशुसंवर्धन समितीच्या सभापतिपदाला तात्यांचं नाव पक्कं धरलं जात होतं. तलवाड्याकडचे तात्या, तिसऱ्यांदा निवडून आलेले, त्या समितीवर दोन मुदती काढलेले. मी चौसाळ्याकडचा, पहिल्यांदाच आलेला. मला गाय आणि कालवड एवढंच कळे.

साहेबांनी मला विचारलं, "तात्याला झेपंल का रं आता?"

मी म्हणालो, "अनुभव लई हाय साहेब. पण ऐकू येत न्हाई त्यांना."

ते खोटं होतं. दुसऱ्या दिवशी माझं नाव आलं. तात्यांनी माझ्यासाठी हात वर केला.

पहिल्या बैठकीत जनावरांच्या लसीकरणाचा विषय होता. अधिकारी खाली मान घालून, पुटपुटल्यासारखं वाचत होते : लाळ्या-खुरकुताची शिबिरं नोव्हेंबरात. मी "मंजूर" म्हणणार, तेवढ्यात टेबलाच्या पार त्या टोकाहून तात्या बोलले.

"अधिकारी साहेब, नोव्हेंबरात गावात बैल ऱ्हातोय कुठं? ऊसतोडीला गेलेला असतोय. तुमी टोचणार काय, रिकामी दावण?"

सगळे हसले. अधिकाऱ्यांनी कागद उलटवला.

"टोचल्यावर अंगी लागायला दोन-तीन आठवडे जात्यात. दसऱ्याच्या आधी उरका. आन् ह्ये माजं न्हाई बरं का, सभापतींनीच मगाशी बाहेर इचारलं मला."

मी बाहेर काहीच विचारलं नव्हतं. ज्याची खुर्ची मी घेतली, तोच माणूस भर सभेत तिच्यावर मला नीट बसवत होता. बैल कधी गाव सोडतात, कोणत्या दवाखान्यातली लशींची शीतपेटी बंद आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. आणि ते सगळं ते माझ्या नावावर बोलत.

अडीच वर्षं हे असंच चाललं. लोक म्हणत, सभापती अभ्यासू आहे.

पुढच्या निवडणुकीत तात्यांना तिकीट मिळालं नाही. तेव्हा कुठे मी तलवाड्याला गेलो. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. चहा यायच्या आत, साहेबांना काय खोटं बोललो होतो ते सांगून टाकलं.

त्यांचा हात थांबला. "का रं?"

"सभापती व्हायचं होतं, तात्या."

त्यांनी हातातली शेंग फोडली. मग म्हणाले, "अडीच वर्षं म्या इचार करत हुतो, माजं कामात चुकलं कुठं. म्हनून दर बैठकीला कागद दोन-दोनदा वाचून यायचो रं."