काकांची सिनेट

आमच्या हिच्या काकांइतका न्यायी माणूस अख्ख्या लेस्टरमध्ये सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकी भीती मला दुसऱ्या कुणाची वाटत नाही. ते हॉस्पिटलात कन्सल्टंट, म्हणजे मोठे डॉक्टर होते आणि मी तिथलाच पोर्टर, पेशंटच्या ट्रॉल्या ढकलणारा, दहावीला दोनदा आपटलेला. रिटायर झाल्यावर माणसं गार्डनिंग करतात, काकांनी रोमन कायदा धरला. चहा गाळताना रोम, बसस्टॉपवर रोम. एकदा दाढदुखीनं माझा गाल टम्म फुगला होता, तरी सुपरमार्केटच्या रांगेत मला पकडून म्हणाले, "अरे, आधी तिथले पुढारी आपलेच दोस्त सिनेटवर घ्यायचे. मग कायदा झाला! सेन्सॉर म्हणजे याद्या ठेवणारा अधिकारी, त्यानं शपथ घेऊन लायक माणसं निवडायची, यादी मोठ्यानं वाचायची. नाव वाचलं नाही, तो गेला. आणि नावापुढे खूण करून कारण लिहायचं!" मला बोलता येत नव्हतं, त्याला ते एकाग्रता समजले.

हे सगळं त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीला लावलं. अध्यक्ष तेच, त्यामुळे दर एजीएमला कोट घालून यादी वाचतात. मी कमिटीत म्हणजे खुर्च्या मांडणारा, पण या देशात मला 'राव' लावून हाक मारतात अशी ती एकच जागा. यंदा आपलं नाव गळणार, असं आठवडाभर वाटत होतं. पापं काय कमी होती? नाटकात पेटीवाल्याच्या अंगावर पडदा पाडला होता, गणपतीत मोदकांचा ट्रे गाडीच्या टपावर ठेवून गाडी सुरू केली होती.

"काकांशी जरा बोल ना," मी हिला म्हटलं.

"सेन्सॉरला वशिला? मग तर गेलासच!"

काका हॉलमध्ये उभे राहिले. कुलकर्णी, देशपांडे, जोशीबाई, पुढे आणखी आठ-दहा नावं, आणि यादी घडी होऊन खिशात गेली. माझं नाव आलंच नाही. सगळे चहाकडे वळले तसं मी त्यांना गाठलं.

"काका, मोदकांमुळेच ना? कारण काय लिहिलंय, बघू तरी."

"कसलं कारण?" त्यांनी यादी उघडली. माझं नाव तिसरं होतं, ठळक अक्षरात. पुढे खूण नाही, काही नाही. त्यावर बोट ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी वाचलं ना रे हे?"

मोदकांपायी काढलं असतं तर किती बरं झालं असतं.

"वाचलंत की," मी म्हटलं, "माझंच लक्ष समोशांकडे होतं."

"खादाड लेकाचा," काका म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघाले. चहाच्या टेबलापाशी पोचल्यावरही तो हात त्यांनी काढला नाही.