धानाच्या गोडाऊनमधलं फिगर स्केटिंग

आमच्या मूल गावात बर्फ दोनच ठिकाणी मिळतो, मासळी बाजारात आणि रसवंतीवर. अशा गावात मी गेल्या वर्षी फिगर स्केटिंगचा कोच होतो.

तसा मी राइस मिलमध्ये दिवाणजी आहे. वय एकावन्न, वजन सांगण्यात अर्थ नाही (मी काट्यावर उभा राहिलो की मिलचा मशीनवाला वामनभाऊ ते मोठ्यानं वाचतो, तेवढं पुरे). माझी मुलगी चैताली सातवीत आहे. गेल्या पावसाळ्यात तिला मोबाइलवर ज्युनिअर मुलामुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा सापडल्या. या आठवड्यात एक देश, पुढच्या आठवड्यात दुसरा. तिच्याएवढ्या, फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या पोरी बर्फावर उलट्या धावतात, हवेत तीन गिरक्या घेतात आणि एका पायावर उतरतात. आमच्याकडे दोन पायांवर जिना उतरतानाही कठडा धरायची पद्धत आहे.

त्याच वेळी माझ्या सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चामोर्शीहून आमच्याकडे आल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना मोबाइल बघू नका म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे त्या काळा चष्मा लावून बघायच्या.

"ह्या पोरीयले थंडी नाई वाजत का बाई? हात उघडेच आहेत," त्या एकदा म्हणाल्या.

"उघडे नाई ते आजी. अंगाच्या रंगाचं कापड असते."

"उघडं दिसाले कापड काऊन लावते मंग?"

याचं उत्तर चैतालीच्या आधी मीच ठोकून दिलं. कारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी जाणकार झालो होतो. समोर तोंड करून उडी मारली की ती ॲक्सेल, एवढं एकच मला कळलं होतं. म्हणून मी प्रत्येक उडीला "ॲक्सेल" म्हणायचो. उड्या सहा प्रकारच्या, त्यामुळे मधूनमधून बरोबरही यायचो.

चैतालीची आवडती मुलगी कुठल्याशा लहान देशातली होती. तिचं नाव आम्हां कुणालाच उच्चारता येईना, म्हणून सासूबाईंनी तिला 'निळीवाली' म्हणायला सुरुवात केली. निळीवाली प्रत्येक स्पर्धेत पडायची. पडायची, उठायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढे जायची. सासूबाई तिच्यासाठी देवापुढे साखर ठेवायला लागल्या.

मग एका दुपारी चैताली मला मिलवर डबा द्यायला आली आणि गोडाऊनमध्ये पाय घसरून चांगली दहा फूट गेली. नवं धान यायला वेळ होता, गोडाऊन रिकामं होतं. तांदळाला पॉलिश करताना निघणारा कोंडा वर्षानुवर्षं त्या कोब्यावर सांडलेला, त्यावरून पोती ओढलेली. कोंड्याचं तेल जिरून जिरून जमीन आरशासारखी झाली होती. मी धावत गेलो. चैताली पडल्या जागी बसून त्या जमिनीकडे अशी बघत होती, जशी माझी बायको दुकानातल्या साडीकडे बघते.

"पप्पा," ती म्हणाली, "मोजे घालून याव लागते इथी."

दुसऱ्या दिवसापासून रोज शाळा सुटल्यावर ती मोजे घालून गोडाऊनमध्ये. पंधरा दिवसांत ती एका पायावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊ लागली, दीड गिरकीही जमली. वामनभाऊ मशीनला तेल द्यायचं सोडून बघत उभा राहायचा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तिनं वर्गात सांगितलं की मी फिगर स्केटिंग करते, आणि वर्ग हसला. एका पोरीनं विचारलं, "बर्फ कुठी आहे तुमच्याकडे, फ्रीजमंदी?" चैताली त्या दिवशी जेवली नाही.

"शारदादेवीच्या मंडळाची नाचाची स्पर्धा आहे ना," ती रात्रीच्या ताटावरून उठताना म्हणाली, "त्यातच करून दाखवतो मी सगळ्यायले."

मंडळाचा मंडप मातीवर होता, तिथं मोज्यांचा चिखल झाला असता. मी मिलच्या शेठजींना विचारून स्पर्धाच गोडाऊनमध्ये आणली. पाऊस होताच, मंडळवाले खूश झाले. मी स्वतःला फार हुशार समजलो.

"आता तुमी कोच," चैतालीनं ठरवून टाकलं. कोचचं काम मी पाहून ठेवलं होतं. कडेला उभं राहायचं, कोट घालायचा, चेहरा गंभीर ठेवायचा. शेवटी मुलीला बाकावर शेजारी बसवून गुणांची वाट बघायची आणि गुण आले की दोघांनी रडायचं. यातलं काहीच मला अवघड नव्हतं. कोट मेहुण्याच्या लग्नातला होता. त्याची बटणं लागत नव्हती, पण गंभीर चेहऱ्यात ते दिसत नाही.

"आणि कोचनं आत यायचं नाई पप्पा," ती दहा वेळा म्हणाली. "काई झालं तरी नाई."

स्पर्धा दुपारी चारला सुरू झाली. गोडाऊन गच्च भरलं. अर्धा वर्ग आला होता, फ्रीजवाली पोरगी पहिल्या रांगेत. परीक्षक दोघं होते, शाळेच्या मोठ्या बाई आणि एक रिटायर तलाठी भाऊ. त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर नवी चादर, त्यावर नारळ, हार, पाण्याचा जग आणि माइक. देवीच्या कार्यक्रमात चपला नकोत म्हणून सगळे अनवाणी. मी मात्र मोज्यांत होतो. बायको म्हणाली होती, "कोटाखाली उघडे पाय बरे दिसत नाईत."

चैताली निळा फ्रॉक आणि मोजे घालून आली. संगीत सुरू झालं आणि पोरगी तरंगायला लागली. खरंच सांगतो, मला माझी मुलगी ओळखू येईना. गोडाऊनमध्ये कुणी खोकत नव्हतं. ती एका पायावर गेली, मागचा पाय उचलला, हात पसरले. सासूबाईंनी काळा चष्मा काढला.

मग गिरकीला ती पडली.

आवाज फार झाला नाही, पण मागून कुणीतरी हसलं. मी निळीवालीची वाट बघू लागलो, म्हणजे ही आता उठेल, काही झालंच नाही असा चेहरा करेल. ती उठली नाही. खाली मान घालून बसून राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. मग मला कोचचे नियम आठवेनात. मी तिचा बाप म्हणून आत धावलो.

धावलो असं मी म्हणतो. पहिलंच पाऊल मी टाकलं होतं, पुढचा प्रवास आपोआप झाला. मी चैतालीजवळ पोचलो, "उठ बेटा" म्हणालो आणि न थांबता पुढे निघून गेलो. थांबायला धरण्यासारखं एकच होतं, परीक्षकांच्या टेबलावरची चादर. ती मी धरली. नारळ, हार, जग आणि माइक माझ्याबरोबर आले. तलाठी भाऊंनी पाय वर घेतले म्हणून वाचले. माइक चालूच होता, त्यामुळे मी जे बोललो ते गावानं ऐकलं. इथं लिहिण्यासारखं ते नाही.

उठायला गेलो, परत बसलो. गुडघ्यांवर झालो, गुडघे दोन दिशांना गेले. पाणी सांडल्यावर ती जमीन आणखीच गुळगुळीत झाली होती.

"दिवाणजी, ॲक्सेल!" वामनभाऊ ओरडला. गोडाऊन हशानं फुटलं.

आणि त्या हसण्यात मला चैतालीचं हसणं ऐकू आलं. संगीत अजून चालू होतं. ती डोळे पुसत उठली, एका पायावर सरकत माझ्यापर्यंत आली, वाकून माझ्या कोटाची कॉलर धरली आणि मला ओढत, वळसा घेत, थेट कडेला ठेवलेल्या बाकापर्यंत नेलं. संगीत संपता संपता तिनं मला सोडलं आणि दोन्ही हात वर केले. टाळ्या थांबेनात. फ्रीजवाली पोरगी उभी राहून वाजवत होती.

पहिला नंबर दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनृत्य, नाचणाऱ्या पोरींना मिळाला, तो मिळायलाच हवा होता. चैतालीचा तिसरा आला. पण त्याआधी ती परीक्षकांपुढे जाऊन उभी राहिली होती.

"बाई, मी एकदा पडली, माझा एक गुण कापा. पण पप्पा पडले त्याचे नका कापू. ते स्पर्धेत नव्हते."

"ते माहीत आहे आम्हांले," मोठ्या बाई ओल्या साडीचा पदर पिळत म्हणाल्या.

बाकावर बसून गुण ऐकायचे राहिलेच, कारण मला बसता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायको मला दवाखान्यात घेऊन गेली. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं, वय विचारलं, मग म्हणाला, "कसं लागलं?"

मी ताठ उभा राहिलो (वाकता येत नव्हतंच) आणि सांगितलं, "फिगर स्केटिंग करताना."

त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बाथरूममध्ये घसरून.'