चौकशीकाकांचं मौन

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत उभी हयात गेल्यामुळे, चुकीच्या गाडीकडे निघालेला माणूस दिसला की चौकशीकाकांना राहवत नसे. निवृत्तीनंतर खिडकी सुटली, खोड सुटली नाही. रस्त्यात कुणी नुसतं इकडेतिकडे बघितलं तरी काका विचारत, "कुठे जायचंय?"

हा माणूस पत्त्यांतला ब्रिज खेळायला बसला, तोही सख्ख्या मोठ्या बहिणीचा भिडू म्हणून. ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. जुने विद्यार्थी अजून त्यांना लांबून बघून रस्ता बदलत.

ब्रिजमध्ये बोली जिंकली की जोडीतला एकजण दोघांची पानं खेळतो. दुसरा आपली पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो. तो डमी. काका अवघड बोली लावायला शिकले, कुणाच्या हातात काय उरलंय ते ओळखायला शिकले. डमी होणं तेवढं जमेना. ताईंचा हात भलत्या पानाकडे वळला की काकांच्या घशातून काहीतरी निघेच. ते दाबलं तर भुवया चढत.

"आज नुसता खोकलास तरी पुढच्या शनिवारपासून मी दातांच्या डॉक्टरांबरोबर बसणार," शनिवारच्या खेळासाठी वाचनालयाचा जिना चढताना ताई म्हणाल्या.

"आणि मी?"

"तू बागेत बस. लोकांना रस्ते सांग."

लहानपणी ताईंनी त्यांना प्रत्येक खेळात लिंबूटिंबूच ठेवलं होतं. खरा भिडू व्हायला साठी उलटावी लागली, आणि आता हेही जाणार?

शेवटच्या डावात बोली ताईंची, काका डमी. मधला एक हात काकांच्या उघड्या पानांनी जिंकला, म्हणजे पुढची उतारी, पुढच्या हाताचं पहिलं पानही, तिथूनच व्हायला हवी. ताईंनी चष्मा वर सारला आणि स्वतःच्या हातातलं पान उपसलं.

काकांनी जीभ दाताखाली धरली आणि नजर छताच्या पंख्याला नेऊन लावली. पान टेबलावर पडलं. डावीकडे बसलेल्या औषधवाल्या बाईंनी ती चूक गोड मानून घेत वर आपलं पान टाकलंसुद्धा, म्हणजे आता ते पान मागे घेता येणार नव्हतं. डाव बुडाला.

"अरे, उतारी तुझ्याकडून होती," ताई म्हणाल्या. "दिसलं नाही तुला?"

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीस? पान चुकीच्या बाजूने निघालं तर डमीने थांबवायचं असतं. तेवढं नियमात बसतं."

"तू म्हणालीस, खोकायचं नाही," काका पंख्याकडे बघतच म्हणाले.

औषधवाल्या बाईंना हसू आवरेना. ताईंनी पानं गोळा करून उगाचच पुन्हा पुन्हा पिसली. दातांचे डॉक्टर पलीकडच्या टेबलावरून आशेने उठून आले. "मग ताई, पुढच्या शनिवारी..."

"पुढच्या शनिवारी आम्हीच. गप्प बसायला शिकलाय तो. आता कधी बोलायचं ते शिकवते."

जिना उतरल्यावर बोलण्याच्या नादात ताई भलत्याच दाराकडे वळल्या. काकांनी जरा विचार केला.

"ताई, दार इकडे," ते म्हणाले. मग हळूच, "हे चालतं ना?"