दाणा सुटा दिसेल तितकं जवळ

घोटीच्या बाजारात लताबाईंचा तांदळाचा धंदा. बाई तोंडाने फटकळ, पण तांदूळ असा की गिऱ्हाईक न निवडताच धुवायला घ्यायचं. लेक चैताली लहान असताना दोघी शेताच्या बांधावर भाकरी खायला बसत आणि एक खेळ खेळत. भाताची आवणी झालेल्या खाचरांतलं जवळचं कुठलं, लांबचं कुठलं?

"रोप न् रोप सुटं दिसतं ते जवळ. सपाट हिरवं ते लांब," लताबाई शिकवायच्या.

चैताली शिकली, जर्मनीला गेली. तिथे करते काय, असं विचारलं तर फोनवर हसली. "आपलाच खेळ, आई. आकाशात दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या गावांचा, मोठा समूह आहे. इथून सगळ्या शेजारीशेजारी दिसतात, पण काही पुढे असतात, काही पार मागे. जवळचीचा प्रकाश ताऱ्यांमुळे दाणेदार दिसतो, लांबचीचा गुळगुळीत. त्यावरून अंतर काढायचं."

"म्हंजी एवढं शिकून बांधावरच बसलीस व्हय!" लताबाई म्हणाल्या, आणि पुढे आठवडाभर बाजारात ज्याला त्याला हेच सांगत सुटल्या.

मग एके दिवशी तांदळात खडे निघाले. लताबाईंच्या तांदळात! गिऱ्हाइकाने पिशवी परत आणली, तेव्हा बाई कडाकडा भांडल्या. घरी येऊन सूप उजेडात धरलं, तर सगळं पांढरं सपाट, दाणा काही सुटा दिसेना. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. पण ऑपरेशनचं नाव काढलं की बाई विषय बदलायच्या. डोळाच गेला तर लेकीचं तोंड पुन्हा दिसायचं नाही, ही धास्ती. तिलाही त्यांनी काही कळू दिलं नाही.

एकदा व्हिडिओ कॉलवर फोन अगदी नाकाशी धरून बघितलं आणि तोंडून निघून गेलं, "चैते, तुझ्या खेळाच्या हिशेबानं तू लय लांब गेलीस गं. तोंड सपाट दिसतंय तुझं."

चैताली हसली नाही. पुढच्याच आठवड्यात ती घरी आली आणि आईला नाशिकच्या दवाखान्यात घेऊन गेली.

पट्टी निघाली. लताबाईंनी लेकीची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. नाकावरचा तीळ. बांधावरून पडल्याचा कपाळावरचा व्रण. सगळं सुटं सुटं, जागच्या जागी. मग कानापाशी बोट थांबलं.

"केस पिकायला लागले गं तुझे," त्या म्हणाल्या. "मला दिसलंच नाय."