शेणाची परीक्षा

“शेणाची परीक्षा घेतेस? उद्या गायीला पण विचारशील, तू खरी का खोटी!” सासरे म्हणाले आणि ओटीवर बसलेले सगळे हसले. हसू देत. मी खिळा घेऊन सहा करवंट्यांना भोकं पाडत राहिले.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मळ्यातल्या मिरची-टोमॅटोची पानं आवळून आली, शेंडे पिळवटले. पोलादपूरच्या डोंगरात झाडाला काही झालं, की सगळे खाली महाडच्या कारखान्यांकडे बोट दाखवतात. पण बांधापलीकडे शेजारणीची मिरची मजेत होती. धूर काय आमचा बांध बघून थांबतो? फरक एकच होता. आमच्या गायींनी खालच्या फार्महाऊसवाल्याने फुकट दिलेलं गवत खाल्लं होतं, त्यांचंच शेणखत मळ्यात पडलं होतं, आणि तो गवतातलं तण औषध मारून जाळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. गायी मात्र धडधाकट. गायीच्या पोटातून गेलं म्हणजे सगळं शुद्ध, ही आमची श्रद्धा, आणि तीच नडली. कृषी सहायकाने मला सांगितलं, काही तणनाशकं शेणातूनही तशीच बाहेर पडतात. खतात वालासारखं शेंगेचं रोप लावून बघा, त्याला ते लगेच बाधतं.

तीन करवंट्यांत आमचं खत आणि माती, तीनमध्ये नुसती रानातली माती. बिरड्यासाठी मोड आणलेल्या वालांतले दाणे प्रत्येकीत तीन-तीन टोचले. पाणी एकमेकांत जाऊ नये म्हणून ताटल्या वेगळ्या ठेवल्या.

“जमिनीतली ओल चाललीय,” सासरे म्हणाले. “ती थांबणार हाय का तुज्या करवंट्यांसाठी?”

“वाल पेरा, बाबा. खत मात्र टाकायचं नाय.”

सुनेने सासऱ्याला असं सांगणं आमच्या वाडीत बसत नाही. मी सांगितलं. नवरा मुंबईला, आणि घरातली चार तोंडं वर्षभर त्या मळ्यावर जेवतात. तो मळा मी कुणाच्या भिडेखातर घालवणार नव्हते. तरी त्यांनी एका कोपऱ्यात माझ्या नकळत खताच्या चार पाट्या टाकल्याच.

पंधरा दिवसांनी रानमातीतल्या वालांची पानं तळहातासारखी उघडली. खतातल्यांची मुठीसारखी आवळलेली, देठ पिळलेले. सहाही करवंट्या मी सासऱ्यांच्या चहाच्या कपाशेजारी मांडल्या. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद त्याहून मोठा होता, खोटं कशाला बोलू?

ते उठले, मळ्यात गेले आणि त्या कोपऱ्यातलं खत मातीसकट खरवडून पाट्यांत भरू लागले. मी हात लावायला गेले तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मीच टाकलंय.”

त्याच आठवड्यात फार्महाऊसचा माणूस टेम्पोभर गवत घेऊन वाडीत आला. मी तोंड उघडायच्या आत सासरे वाटेत आडवे उभे राहिले.

“फुकट हाय, बाबा,” तो म्हणाला.

“तुज्या मालकाच्या बागेत नेऊन टाक. गाय आमची हाय, तुमचा उकिरडा नाय.”