पडद्यामागचा फेस

धाकट्याला फेस करता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सगळ्या रस्त्याची समजूत नेमकी उलटी होती.

रस्त्याच्या वळणावर त्याच्या बापाचं दाढी-कटिंगचं दुकान. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीशी बाक आणि मागे निळा पडदा. पडद्यापलीकडे मोरी, स्टोव्ह, ओल्या टॉवेलांचा ढीग आणि ताई. धाकटा फेसाची वाटी घेऊन पडद्यातून बाहेर यायचा तो असा मान ताठ करून, की जणू आत मोठी लढाई मारून आलाय. गिऱ्हाइकाच्या गालाला ब्रश लागला रे लागला की डोळे मिटायचे. "वा! फेस आहे की साय?" असं बेकरीवाला रोज म्हणायचा. रोज! आणि धाकटा रोज हसून सांगायचा, "हाताची करामत आहे, शेठ."

हाताचीच होती. फक्त तो हात ताईचा होता.

सुरुवात अगदी साधी झाली. बापाचं मनगट दुखायला लागलं, तेव्हा त्याने फेसाचं काम धाकट्याला दिलं. धाकटा वाटी घेऊन पडद्याआड जायचा, ती ताईपुढे सरकवायचा आणि स्वतः सिनेमाचे फोटो बघत बसायचा. "ताई, कर ना गं. तुझा चांगला होतो." तेव्हा तो लाडका होता. ताईने केला. पुढे तिचं लग्न झालं, मोडलं, ती वरच्या खोलीत परत आली, आणि वाटी पुन्हा तिच्यापुढे सरकली. बापाची नजर तोवर अधू झाली होती. त्याला काय कळणार, असं ताई समजून चालली.

एकदा तिने धाकट्याला म्हटलंसुद्धा, "बाबांना सांग की खरं." तर हा म्हणतो कसा, "तूच सांग. बघू कुणाचं खरं वाटतं त्यांना." ताई मूग गिळून गप्प बसली. पण त्या दिवसापासून तिने त्याच्यावर दात धरला तो धरलाच. टॉवेल पिळताना ती त्याची मान पिळायची. अगदी मन लावून.

त्या दुकानाची एक रीत होती. मालक थकला की सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांसमोर खुर्चीत बसायचा, आणि जो त्याची दाढी करील त्याचं दुकान. आजोबांची दाढी बापाने केली होती. आता येत्या रविवारी सकाळी बापाची धाकटा करणार, असं ठरलं.

आणि त्याच आठवड्यात धाकटा जिना चढून वर आला. खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "ताई, ही खोली लागेल मला. बायकांचं पार्लर काढतोय. तू आपली मावशीकडे जा. तिलाही एकटीला करमत नाही."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच! खाली तिच्या हाताला नाव नाही, आणि आता वर छप्परही नाही. एवढं करून दारातून वळून तो म्हणतो, "आणि रविवारी फेस फक्कड कर हं. सगळ्यांसमोर आहे."

"करते की," ताई गोड आवाजात म्हणाली. "जन्मात विसरणार नाहीस असा करते."

आता फेसाचं कसं असतं, की खरा फेस उंच नसतो. ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा, झटकायचा, मग साबणावर फिरवत राहायचं, घट्ट लेप होईपर्यंत. मग पाणी थेंबाथेंबाने. घाई केली की मेलं. शेवटी वाटीत चकचकीत, जड असा गोळा राहतो. बोट ओढलं तर रेघ तशीच राहते आणि एक बुडबुडा डोळ्याला दिसत नाही. खोटा फेस करायचा तर ब्रश तसाच निथळता घ्यायचा आणि अंडं फेटल्यासारखं सटासट फेटायचं. क्षणात वाटीवर डोंगर! दिसायला झकास, पण आत नुसती हवा. थोड्या वेळात बसतो, आणि गालावर सुकून खपली धरतो.

धाकट्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो फेस उंचीवर जोखायचा.

रविवारी दुकान गच्च भरलं. शेजारचा शिंपी, बेकरीवाला, बाकावर दाटीवाटीने बसलेले म्हातारे. ताईने पडद्याआड फेटून फेटून असा डोंगर उभा केला की धाकट्याचे डोळेच चमकले. "ताई, आज तर कमाल केलीस!" तो वाटी घेऊन मिरवत गेला. बापाच्या दोन्ही गालांवर ढीग चढवला. लोकांनी माना डोलावल्या.

मग बाप बोलायला लागला. ताईचा सगळा भरवसा यावरच होता. तो बोलायला लागला की आवरत नसे. वडिलांची आठवण, दुकानाचा नावलौकिक, मुलाचं कौतुक. तोवर डोंगर खचला. धाकट्याने वस्तरा टेकवला तेव्हा गाल कोरडा पडला होता.

"आई गं!" बाप कळवळला.

धाकट्याने पुन्हा फेस लावला. पुन्हा तेच. वस्तरा खरखरत अडकला, हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला. "काय रे, आज साय कुठे गेली?" बेकरीवाल्याने विचारलं, आणि बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं. धाकट्याने तरातरा जाऊन पडदा ओढला आणि ओरडला, "ताई, काय करून ठेवलंस हे? नेहमीसारखा कर ना!"

बाकावरच्या सगळ्या माना पडद्याकडे वळल्या.

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. "मी? मी कशाला करीन? फेस तर तू करतोस ना?"

हाय! काय सुख झालं तिला ते वाक्य बोलताना. कितीतरी वर्षं तोंडात घोळवलेलं. धाकट्याचा चेहरा पडला होता, लोक एकमेकांकडे बघत होते, आणि आता बाप याच्यावर कसा कडाडतो हे ऐकायला ती कान टवकारून उभी राहिली.

बाप म्हणाला, "झालं समाधान? जा आता. नीट करून आण."

ताईला कळेना. "बाबा, तुम्हाला..."

"माझ्या गालाला कळत नाही होय? पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्याला कुठला जमतोय फेस!"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं होतं? मुलीचा हात म्हटल्यावर गिऱ्हाईक आलं असतं? दुकान मुलाचं, नाव मुलाचं. तुझं काय गेलं त्यात?" बापाने मान मागे टेकली. "आणि खोलीवरून धुसफुसू नकोस. ते मीच सुचवलं त्याला. मावशीचं घर काही लांब नाही, सकाळी येत जा फेस करायला."

ताई उभीच राहिली. धाकटा! त्या मठ्ठ पोरावर तिने इतकी वर्षं राग जाळला होता. त्याने काय, पुढ्यात आलं ते खाल्लं. वाढणारा हा बाप इथे बसला होता, डोळे मिटून, सगळं जाणून.

ती आत गेली. ब्रश झटकला, साबणावर फिरवला. बाहेर सगळ्यांना तो आवाज ऐकू येत होता. आधी पातळ, मग जड होत गेलेला. बापाचा चेहरा निवळला. त्याने गाल पुढे केला.

ताई वाटी घेऊन आली ती त्याच्या खुर्चीला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीपाशी थांबली. "शिंपीकाका, बसता?"

शिंप्याने बापाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने येऊन बसला. ताईने त्याला फेस लावला. मग धाकट्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला. वस्तऱ्यावर तिचा हात नवऱ्याच्या दाढीने बसवला होता; माणूस नालायक होता, पण रोज गुळगुळीत असायचा. शिंप्याच्या गालावरून पातं सुळकन खाली आलं. शिंप्याने डोळे मिटले.

"अगं, इकडे!" बाप म्हणाला. अर्ध्या तोंडावर खपली, हनुवटीला रक्त. "मी इथे बसलोय."

"शिंप्यानंतर माझा नंबर," बेकरीवाला घाईघाईने उठून म्हणाला. "पण... बाबांचं काय?"

ताईने वस्तरा टॉवेलला पुसला.

"त्यांना बाकावर बसवा. ती खुर्ची गिऱ्हाइकाला लागेल."