होडीचं इंजिन

नाखवाकाका गाडी अनवाणी चालवायचे. चपला काढून मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवायच्या आणि मगच चावी फिरवायची. आम्ही हसायचो. "हसा," ते म्हणायचे, "गाडीचा दुखना कानाला उशिरा कलतो, तलपायाला आदी." त्यांचं अर्धं आयुष्य होडीच्या फळ्यांवर उभं राहून गेलं होतं. उरणच्या बाजूचं, खाडीकाठचं त्यांचं गाव. मासळी कमी होत गेली तशी होडी धाकट्या भावावर सोपवून त्यांनी एक जुनी फियाट घेतली आणि नवीन पनवेलमधल्या आम्हा सहा मुलांना जुन्या पनवेलच्या इंग्रजी शाळेत नेऊ-आणू लागले. त्यांचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मी तेव्हा पाचवीत होते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे शक्यतो गप्प. फियाटचा गिअर स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग होती. तिथली मधली जागा माझी. मुलं चिडवायची, "काका, ही मुकी आहे." ते म्हणायचे, "मुकी नाय रं. आयकते ती. होडीवर असा एक तरी मानूस लागतो. बाकीची नुसती बोंबलतात." एकदा मागच्या दाराचं हँडल तुटलं आणि पाचही जणांनी एकमेकांची नावं घेतली. नाखवांनी मला विचारलं. मी तोडणाऱ्याचं नाव सांगितलं. त्या दिवसापासून मी खोटं बोलत नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

त्या वर्षी पावसाळा संपला तरी भावाची होडी पाण्यात उतरली नाही. तळ कुजला होता. फळ्या सरपणाला गेल्या, डिझेलचं इंजिन तेवढं उरलं. इकडे पेट्रोल परवडेना झालं होतं. नाखवांनी ठरवलं, होडीचं इंजिन फियाटमध्ये घालायचं. कळंबोलीचा मिस्त्री त्यांना म्हणाला होता, "नाखवा, हे जन्मभर खाऱ्या पाण्यावर थंड झालेलं इंजिन. आतून मिठाने खाल्लेलं असणार. दुसरं बघ." हे आम्हाला नाखवांनीच हसत हसत सांगितलं. "बावीस वरसां त्यानं आमाला घरी आनला. वादलात आनला. मंग आता डांबरावर फसवल?" मिस्त्रीचं म्हणणं त्यांना कळलं नव्हतं असं नाही. दुसरं इंजिन आणणं त्यांना या इंजिनाचा अपमान वाटला असावा, असं मला आता वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी आली ती आम्हाला तिसऱ्या मजल्यावर आवाजावरूनच कळली. इंजिन उंच, त्यामुळे बॉनेट पूर्ण बंद होत नव्हतं. ते त्यांनी जाळ्याच्या दोरीने बांधलं होतं. टेम्पोचा गिअरबॉक्स जोडला होता आणि त्याचा दांडा वर यावा म्हणून तळाचा पत्रा कापला होता. माझ्या मधल्या जागेवर आता तो दांडा होता. मला दाराकडे सरकवत म्हणाले, "बाय, तुजी जागा गेली. पन खिडकी तुजी." पत्र्याच्या फटीतून खालचा रस्ता पळताना दिसायचा. मला ते आवडायचं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

आठ दिवसांत पाणी गळायला लागलं. रेल्वेचं फाटक बंद असलं की उभ्या गाडीचं इंजिन तापायचं आणि बॉनेटमधून वाफ यायची. आमच्या पायाशी पाण्याचे दोन कॅन आले, मग तीन. नाखवा दोरी सोडायचे, इंजिन निवेपर्यंत बाजूला उभे राहायचे, पाणी ओतायचे. मागून कुणीतरी ओरडायचं, "नाखवा, नांगर टाकलाय का?" ते मान वर न करता म्हणायचे, "भरती आली का निंगतो." पण गाडीत बसल्यावर त्यांचा तळपाय पत्र्याला टेकून बराच वेळ हलत नसे. काय झालं विचारलं तर म्हणायचे, "रस्त्याला नवा हाय ना. शिकल."

उशीर व्हायला लागला. आमच्या शाळेत उशिरा आलेल्यांना प्रार्थना संपेपर्यंत जिन्यापाशी ओळीने उभं करायचे. सगळी शाळा बघायची. बाकीच्या पाच जणांना त्यात गंमत वाटायची; मी दप्तर तोंडापुढे धरायचे. वर्गातल्या एका मुलीने माझा युनिफॉर्म हुंगून नाक दाबलं. घरी आल्यावर मी आईला म्हटलं, उशीर होतो, डिझेलचा वास येतो. एवढंच. आईने ते खाली इतर आयांना सांगितलं. चार दिवसांत त्याचं 'ही गाडी एक दिवस पेट घेणार' असं झालं. शाळेने बस सुरू केलीच होती. सगळ्यांनी मुलांना बसने पाठवायचं ठरवलं आणि नाखवांना सांगायचं काम आईकडे आलं.

ते घरात आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. उशीर होतो, मुलांना गाडीत भीती वाटते, हे आईचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वैनी, उशीर होतो, मान्य. मी अर्धा तास आदी येतो. पन पोरांना भ्या वाटतं, असा नका बोलू. होडी गेली. आता माजा जो काय हाय, तो ही सा पोरां." मग माझ्याकडे वळले. "बाय सांगल तो खरा. बाय, माज्या गाडीत तुला भ्या वाटतं?"

मला भीती कधीच वाटली नव्हती. त्या पत्र्याच्या फटीचीसुद्धा नाही. मला लाज वाटत होती, जिन्यापाशी उभं राहण्याची, नाक दाबणाऱ्या त्या मुलीची. पण लाज वाटते, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? भीतीला निदान कुणी नावं ठेवत नाही. आई बघत होती. मी 'हो' अशी मान हलवली.

"मंग संपलाच," नाखवा म्हणाले. ते रागावले नव्हते. माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले आणि हात मागे घेतला.

आमच्या सहांतले दोघे भाऊ तेवढ्यात सुकापूरला राहायला गेले होते; पंधरा दिवसांनी त्यांचे वडील आमच्याकडे आले. तिकडे बस जात नव्हती, म्हणून ते नाखवांच्या गावी जाऊन त्यांना विनवून आले होते. नाखवा यायला तयार नव्हते, असं त्यांनी सांगितलं. गाडीतून इंजिन काढून अंगणात ठेवलं होतं. या वडिलांनी म्हटलं, दुसरं इंजिन घाला, मी मदत करतो. त्यावर नाखवा म्हणाले, "इंजानाचा काय नाय ओ. ज्या गाडीत पोर भितं ती चालवू नये मानसानं." पुढे ते बंदराकडच्या एका गोदामात हमाली करत, असं कानावर आलं. गेल्या वर्षी वारले.

"माणूस मात्र सरळ हो," त्या दिवशी ते वडील आईला म्हणाले. "दुसरा कुणी असता तर भांडला असता."

"हो ना," आई म्हणाली. "वेळेवर समजलं त्याला, बरं झालं."

मी तिथेच टेबलाशी गृहपाठ करत बसले होते. ओळ पूर्ण केली आणि पान उलटलं.